पोचतो कवा

कंट्रोलर मामा गेल्या डिसेंबरात, एका दुपारी जेवण झाल्यावर, जालन्यातल्या राहत्या घरी वारले. हृदयविकाराचा झटका आला होता. न्यूझीलंडला असलेला त्यांचा एकुलता एक मुलगा निघाला, पण तो पोहोचला तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता.

मामा माझ्या नात्यातले नव्हते. आमच्या शेजारचं घर त्यांचं आणि सगळी कॉलनीच त्यांना मामा म्हणायची. बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. परतूर, आष्टी, कुंभार पिंपळगाव, टेंभुर्णी ही नावं ते माइकवर अशी घेत, की झोपलेला प्रवासी आपल्या गावापुरता जागा व्हायचा. गाडी किती वाजता सुटेल हे ते सांगत. किती वाजता पोहोचेल हे मात्र त्यांनी नोकरीत असेपर्यंत कुणालाही सांगितलं नाही.

"मामा, आष्टीला पोचते कवा?"

"सुटती दहाला. पोचायचं मी बोलत न्हाई. मधी रस्ता हाय, टायर हाय, ड्रायव्हर हाय."

"मंग बसला कशाला इथं? पंख्याची हवा खायला?" एका म्हातारीने एकदा खिडकीतून विचारलं होतं.

"मावशे, पंखाबी बंदच हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी तिला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं.

मुलगा शिकला, इंजिनिअर झाला आणि ऑकलंडला गेला. मामांना मोबाइलच्या पडद्यावर बोलणं आवडत नसे. "पडद्यावर माणूस बोलतंय, पण बसत न्हाई," असं ते म्हणत. म्हणून मुलगा दरवर्षी नाताळाच्या सुमारास एक शुभेच्छापत्र टपालाने पाठवायचा. चित्रात दरवर्षी एकच झाड असे. समुद्राकाठचा कडा, खडकाला विळखा घातलेली मुळं आणि हिरव्या पानांवर लाल तंतूंच्या झुबक्यांसारखी फुलं.

कार्ड आलं की मामा ते शर्टाच्या खिशात घालून कॉलनीभर फिरत. कोपऱ्यावरच्या कापड दुकानाच्या शेठजींनी पहिल्या वर्षीच शंका काढली होती.

"मामा, डिसेंबरात गुलमोहर? छापणाऱ्यानं रंग मारला हाय बराबर."

"शेठ, तिकडं डिसेंबरात उन्हाळा असतो. आन् हा गुलमोहर न्हाईच."

मग कोणतं झाड, हे त्यांनाही माहीत नव्हतं. कार्डाच्या मागे इंग्रजीत बारीक अक्षरांत नाव होतं. ते घेऊन ते माझ्याकडे आले. मी वाचलं, "पोहुतुकावा."

"काय?"

"पोहुतुकावा."

"पोचतो कवा?" मामा म्हणाले, आणि ठसका लागेपर्यंत हसले. "जिंदगीभर हाच सवाल ऐकला. आता झाडबी तेच इचारून राह्यलं!"

तेव्हापासून मुलासकट सगळ्यांसाठी त्या झाडाचं नाव 'पोचतो कवा' पडलं. मुलाने पत्रात त्याची माहिती लिहिली होती. झाड तिथलं मूळचं, खाऱ्या वाऱ्यात टिकतं, मातीचा पत्ता नसलेल्या कड्यावर धरून राहतं. मामांनी ते वाचून मामींना सांगितलं, "पाणी खारं, खाली दगड, तरी फुलतंय. मराठवाड्यातलंच दिसतंय, चुकून तिकडं उतरलं."

रविवारी सकाळी मुलाचा फोन यायचा. मामा तो स्पीकरवर लावत, त्यामुळे बोलणं आमच्या अंगणापर्यंत ऐकू येई. पगार, तब्येत, नातींची चौकशी झाली की मामा शेवटी विचारत, "मंग, पोचतो कवा?"

"मस्त फुललाय, बाबा. रस्ताभर लाल सडा पडलाय," मुलगा हसून सांगायचा. जूनमध्ये विचारलं तर सांगायचा, "आता नाही बाबा, डिसेंबरात."

स्वयंपाकघरातून मामी ओरडत, "सरळ इचारा की, घरी कधी येतो म्हणून!"

"इचारलं की," असं म्हणून मामा फोन त्यांच्या हाती देत.

मुलाचं येणं लांबतच गेलं. सुरुवातीला नोकरी नवी होती. मग साथीत विमानं बंद झाली. मग त्याच्या धाकट्या मुलीचा जन्म झाला. इकडे मामांचं हृदय कमजोर झालं होतं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास करू नका म्हणून सांगितलं होतं. मुलाला एवढंच माहीत होतं, की वडिलांना गोळ्या चालू आहेत. तेवढंच सांगायचं, असं मामांनी मामींना बजावलं होतं.

"मामा, एकदा स्पष्ट बोला ना त्याच्याशी," मी गेल्या दिवाळीत म्हणालो.

"त्याच्या मागं नोकरी हाय, लेकरं हाय. घाई केली की गाडी घाटात पडती," ते म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी चहाला हात लावला नाही.

जलदान विधीच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं जेवून गेली. ओसरीवर मुलगा, मामी आणि मी एवढेच उरलो. मुलगा म्हणाला, "त्यांनी एकदाही ये म्हटलं नाही."

"दर रविवारी म्हणायचे," मामी म्हणाल्या.

"काय म्हणायचे?"

"पोचतो कवा."

मुलगा म्हणाला, "मी फुलांचं सांगत राहिलो."

जानेवारीत तो परत गेला. जाण्याआधी त्याने मामींचा पासपोर्टचा अर्ज भरला. पासपोर्ट अजून आलेला नाही.