सत्तरची गोष्ट आणि खोडलेली ओळ

गेल्या रविवारी माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला फोनवर तुम्ही दोघं म्हणालात, "आजी, सत्तर म्हणजे कसा छान पूर्ण आकडा!" मी हसून विषय बदलला, कारण फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं; म्हणून हे पत्र. सत्तर हा आकडा अजिबात सरळ नाही. ते मला नाशिकच्या एका शाळेत, आठवीच्या वर्गात कळलं. मी तिथे इंग्रजी शिकवत असे आणि त्या वर्गाची वर्गशिक्षिका होते. एकोणीसशे सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती.

शिक्षकखोलीत माझ्या शेजारी गणिताच्या बाई बसत. वयाने माझ्याहून लहान. देवळाली कॅम्पहून पहिल्या बसने येत आणि डबा उघडायच्या आधी हात धुऊन पदराला न पुसता रुमालाला पुसत, म्हणून मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. त्यांच्या घरात पदवी घेतलेल्या त्या पहिल्याच. दोन वर्षं त्या तात्पुरत्या नेमणुकीवर होत्या. त्या हिवाळ्यात तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब येणार होते, आणि त्यांचा शेरा पाहून बाईंना कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. घरी आई आणि दोन शिकणारे भाऊ होते. शेरा वाईट आला तर जूनपासून त्यांना काम नव्हतं.

तपासणीत आधी पाहिलं जाई ते टाचण. कोणत्या तासाला काय शिकवणार हे प्रत्येक शिक्षकाने एका वहीत आधी लिहायचं, त्यावर मुख्याध्यापिकांची, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंची, लाल सही घ्यायची. त्या वहीत खाडाखोड चालत नसे. माझ्या कंपासपेटीत दाढीचं अर्धं ब्लेड असे. चुकलेलं अक्षर हलक्या हाताने खरवडायचं, वर नखाने कागद घासायचा, की त्यावर पुन्हा लिहिताना शाईसुद्धा फुटत नसे. अर्धी शिक्षकखोली माझ्याकडून वह्या दुरुस्त करून घेई. मला त्याचा अभिमान होता.

गणिताच्या बाई विभाजक शिकवायला चिंचोके आणत. एखाद्या संख्येला ज्यांनी पूर्ण भाग जातो त्या सगळ्या लहान संख्यांचे ढीग मांडायचे आणि त्यांची बेरीज करायची. आठचे ढीग एक, दोन, चार, बेरीज सात. ही अपुरी संख्या. सहाचे एक, दोन, तीन. बेरीज नेमकी सहा. ही परिपूर्ण. अठ्ठावीसही तशीच. बाराचे ढीग एकत्र केले की सोळा होतात. तिला बाई "उतू जाणारी" म्हणत. हे पुस्तकात नव्हतं. मी व्हरांड्यातून जाताना थांबून ऐकत असे. इंग्रजीतून शिकलेल्या मला गणिताने आजवर फक्त रडवलं होतं, आणि इथे पन्नास मुली बेरजा करताना गालात हसत होत्या.

मग बाईंनी पुढचा पाठ लिहिला: ढिगांतले हवे ते निवडायचे, पण प्रत्येक एकदाच. बारामधून सहा, चार, दोन निवडले की पुन्हा बारा. अठरामधून नऊ, सहा, तीन. वीसमधून दहा, पाच, चार, एक. टाचणात त्यांनी नियम मांडला: उतू जाणाऱ्या प्रत्येक संख्येचे काही विभाजक निवडून नेमकी ती संख्या मिळते. मोठ्या बाईंनी खाली सही केली. नियम फळ्यावर गेला, मुलींच्या वह्यांत उतरला.

तपासणीच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी शिक्षकखोलीच्या दारात उभी राहिली. मखमलाबादकडची. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, तिची आई भाजी विकायला बसे आणि ही तराजू धरे. ती ओळीने सगळ्या उतू जाणाऱ्या संख्या तपासत निघाली होती आणि चौदाव्या ठिकाणी अडकली होती.

"बाई, सत्तर जमत नाय," ती म्हणाली.

बाईंनी तिला आत घेतलं. मुलीने टेबलावर बोटाने लिहिलं: एक, दोन, पाच, सात, दहा, चौदा, पस्तीस. बेरीज चौऱ्याहत्तर. "चार जास्त झाले. चार काढायचे. एक न् दोन काढले तर तीनच होत्यात. त्याच्यापुढचं वजन एकदम पाचचं. चारचं वजन हायच नाय माझ्याकडं."

बाईंनी बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली. मग त्यांनी हळूच विचारलं, की हे तुला कधी सापडलं. मुलगी म्हणाली, काल, बाजारात, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा.

ती गेल्यावर मी ब्लेड काढलं. नियमाच्या दोन ओळी होत्या. सहीला धक्का न लावता खरवडता आल्या असत्या. मी तसं म्हटलंही, आणि जूनची आठवणही करून दिली. बाईंनी माझ्या हातातलं ब्लेड घेतलं, कंपासपेटीत ठेवलं, झाकण लावलं.

"बाई, पन्नास वह्या कशा खरवडणार?" त्या म्हणाल्या.

त्यांनी पट्टी लावून नियमावर एक सरळ रेघ मारली, खालचं सगळं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: चूक. सत्तर पाहावे. वर्गातील विद्यार्थिनीने दाखवले.

मोठ्या बाईंनी सकाळी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रेघ त्यांच्या सहीच्या वरच होती. त्या एवढंच म्हणाल्या, की आता साहेबांना काय ते तुम्हीच सांगा, आणि मला वर्गशिक्षिका म्हणून मागच्या बाकावर साहेबांशेजारी बसायला सांगितलं. म्हणून मी जे पाहिलं ते जवळून पाहिलं.

साहेबांनी टाचण उघडलं. बोट रेघेवर थांबलं. बाईंनी पाठ तिथूनच सुरू केला. मुलींना म्हणाल्या, परवा मी तुम्हाला चुकीचा नियम दिला, वह्या उघडा आणि त्यावर एक रेघ मारा. पन्नास पट्ट्या एकदम बाकांवर वाजल्या. मग त्यांनी त्या मुलीला फळ्याकडे बोलावलं.

तिचं सांगून झालं तेव्हा साहेब उठले. त्यांनी स्वतः खडू घेऊन दोन-तीन जुळण्या करून पाहिल्या. जमेना. मग मिश्कीलपणे म्हणाले, "तू तराजूवाली ना? पाचचं वजन काढ आणि एकचं दुसऱ्या पारड्यात टाक. झाले की चार."

"साहेब, एकचं वजन आधीच घेतलंय, दुसऱ्यांदा घ्यायचं नाही," ती या वेळी सांभाळून, पुस्तकी बोलली. "बाईंचा नियम आहे."

"कोणता? खोडलेला?"

ती म्हणाली, "नाही साहेब. हा राहिलेला."

साहेब हसले आणि खाली बसले. उरलेला तास त्यांनी बाईंना एकदाही थांबवलं नाही. मागच्या बाकावर माझ्याकडून कागद मागून घेऊन सत्तरच करत बसले. शेवटी मोठ्या बाईंच्या सहीशेजारी, त्या रेघेखाली, त्यांनी आपली सही केली. शेऱ्याच्या वहीत लिहिलं: टाचणातील चूक शिक्षिकेने वर्गासमोर सुधारली. अध्यापन उत्तम.

जूनमध्ये बाई कायम झाल्या. माझ्या शेजारची खुर्ची त्यांचीच राहिली, आणि पुढची अनेक वर्षं मी त्यांचे तास व्हरांड्यातून ऐकले. ती मुलगी दहावी होईपर्यंत तीनशेच्या पुढे गेली होती. दुसरी अशी हट्टी संख्या तिला मिळाली नाही. पुढची थेट आठशे छत्तीस आहे, हे मला फार उशिरा कळलं.

ब्लेड मी त्याच दिवशी घरी आणलं. नंतर ते पेन्सिलींना टोक करायला वापरलं. या पत्रात तुम्हाला तीन ठिकाणी रेघा दिसतील. खालचे शब्द वाचता येतात.