बोटभर उंच

गाडी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा भीमण्णा खुर्चीतून लगेच उठले नाहीत. बोम्मसंद्र्यातल्या त्यांच्या शेडच्या दारात ती उभी होती. लाल, ठेंगणी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार. पुढची उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर उंच. लांबूनही दिसत होतं.

गाडी शंतनूची. पुण्याहून नोकरीसाठी आलेला पोरगा. जुनी गाडी हौसेने घेतलेली, तिच्यावर जीव टाकणारा. तो भांडत नव्हता, आणि तेच भीमण्णांना जड जात होतं. ब्रेक मारला की अजून एका बाजूला ओढते, एवढंच त्याने सांगितलं. मग प्लास्टिकची खुर्ची ओढून, कानात हेडफोन घालून तो त्याच्या मीटिंगमध्ये शिरला.

भीमण्णांचं वय एकसष्ट. चाक आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये जे काही असतं, स्प्रिंग, शॉक, आर्म, त्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. वडील चिक्कपेटेत शिंपी होते. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडण झालं तर दोन्ही. मुलगा सुई सोडून पान्याकडे गेला म्हणून वडील वर्षभर धड बोलले नव्हते. पुढे मात्र बनशंकरीत भीमण्णांचं नाव झालं. त्यांच्या हातची गाडी परत येत नाही, असं लोक म्हणायचे.

बनशंकरीची ती जागा मागच्या वर्षी गेली. मालकाला इमारत बांधायची होती. भीमण्णांना फारसं वाईट वाटलं नाही. तिथे जमिनीत खणलेला खड्डा होता. गाडी वर उभी करायची आणि आपण सात पायऱ्या उतरून तिच्या पोटाखाली उभं राहायचं. दिवसातून वीस वेळा त्या पायऱ्या चढून गुडघे कामातून गेले होते. इथे लिफ्ट होती. बटण दाबलं की गाडी वर, माणूस जमिनीवर.

जानेवारीत त्यांनी शंतनूच्या गाडीच्या पुढच्या आर्मच्या सांध्यातले रबरी बुश बदलले, आणि उजवी बाजू वर राहिली. स्प्रिंग गेली, असं त्यांनी सांगितलं. परदेशातून नव्या स्प्रिंगा यायला सात आठवडे लागले. त्या बसवल्या. उजवी बाजू होती तिथेच राहिली.

रविवारी त्यांनी बायकोला, पुष्पावतींना, सांगून टाकलं होतं, ती लाल गाडी पुन्हा आली आणि सरळ झाली नाही तर शटर ओढायचं. कायमचं. पुष्पावतींनी भाजी चिरता चिरता मान हलवली. "ओढा. गुडघे तरी वाचतील."

आता ते उठले. चारी टायरांची हवा सारखी केली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला. उजवीकडे अठरा मिलिमीटर जास्त. त्यांनी उजवी स्प्रिंग डावीकडे आणि डावी उजवीकडे लावली. दोष स्प्रिंगचा असता तर उंची तिच्याबरोबर गेली असती. गेली नाही. दोन्ही बाजू जोडणारा रॉड सोडून पाहिला. फरक नाही. शॉक पाहिले. दुपारचे दोन वाजले. डबा तसाच राहिला.

उरले फक्त बुश. तेही नवे, स्वतःच्या हाताने बसवलेले.

भीमण्णा स्टुलावर बसले आणि जानेवारीतला तो दिवस आठवू लागले. उजव्या बाजूचे बोल्ट गाडी लिफ्टवर असताना आवळले होते. मग करंट गेला. वर अंधारात काम होईना, म्हणून चाकांखाली लाकडी ठोकळे सारून गाडी खाली घेतली. डावे बोल्ट पाठीवर सरपटत जाऊन आवळले. गुडघ्यांना शिव्या देत.

म्हणजे उजवे आवळले तेव्हा चाक हवेत लोंबत होतं. डावे आवळले तेव्हा गाडी स्वतःच्या पायांवर उभी होती.

बोल्ट आवळला की रबर तिथेच धरलं जातं. चाक लोंबतं असताना धरलं, तर गाडी खाली आल्यावर ते पिळलं जातं आणि गाडीला वर ढकलत राहतं. खड्ड्यात हे कधी घडलंच नसतं. तिथे गाडी नेहमी चाकांवरच उभी असायची. चाळीस वर्षं त्यांना यातलं काही माहीत असण्याची गरजच पडली नव्हती. ते शहाणपण खड्ड्याचं होतं. भीमण्णा ते आपलं समजत होते.

शंतनू अजून मीटिंगमध्ये होता. बोल्ट ढिले करून पुन्हा आवळायचे, नव्या स्प्रिंगा बसायला वेळ लागतो म्हणायचं. त्याला कळलंही नसतं. भीमण्णांनी हातातला पाना खाली ठेवला.

"शंतनू, स्वल्प इकडे ये."

त्याच्यासमोर त्यांनी गाडी ठोकळ्यांवर घेतली, खाली सरपटत गेले, उजवे बोल्ट ढिले केले. बाहेर येऊन मडगार्डवर दोन्ही हातांनी भार दिला. गाडी कण्हली आणि खाली बसली. टेप शंतनूनेच धरला. दोन्ही बाजू सारख्या.

"म्हणजे स्प्रिंग?"

"स्प्रिंग पहिल्यापासून ठीक होती. बोल्ट मी चुकीच्या वेळी आवळला."

शंतनूने टेप गुंडाळला. "काका, सात आठवडे मी कॅबने गेलो. ऑफिसात सगळे विचारायचे, लंगडी बरी झाली का."

"हो."

"पुढच्या वेळी स्प्रिंगच्या आधी स्वतःवर डाउट घ्या."

"सरी, घेईन," भीमण्णा म्हणाले, आणि बोल्ट आवळायला पुन्हा खाली गेले.

गाडी सरळ झाल्याचं घरी कळलं तेव्हा पुष्पावतींनी सुस्कारा टाकला. म्हणजे आता शटर ओढणं नाही. भीमण्णांनी त्यांना उरलेलं सांगितलं. लिफ्टवर त्यांनी आणखी अकरा गाड्यांचे बुश बदलले होते. त्यांच्या वेळी करंट गेला नव्हता, त्यामुळे दोन्ही बाजू हवेतच आवळलेल्या. दोन्ही सारख्याच उंच. वाकडं कुणाला दिसणार नव्हतं. पण पिळलेलं रबर वर्षभरात फाटणार होतं.

"कुणी तक्रार केली का?"

"नाही."

"मग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमण्णांनी त्या अकरांपैकी होसकोट्याच्या प्रतापरावांना फोन लावला. गाडी लोण्यासारखी पळते, असं प्रतापराव खुशीत सांगत राहिले.

"तरी घेऊन या."

"का अण्णा? काही झालंय का?"

"झालंय. माझ्या हातून."

प्रतापरावांनी विचारलं, कधी आणू.

"मंगळवारी," भीमण्णा म्हणाले. फोन ठेवला, चष्मा पुसला, आणि बुधवारसाठी पुढचा नंबर शोधू लागले.