निवडणुकीआधीच हरलेला उमेदवार

नारळ हातात आला म्हणून मी उठून उभा राहिलो आणि भाषण केलं. त्यात माझं काय चुकलं हे मला आजही समजलेलं नाही. त्या खोलीतल्या बाकी सगळ्यांना मात्र ते तेव्हाच समजलं होतं.

मी इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. आमच्या वकील संघाची निवडणूक आली की कोर्टात कामं कमी आणि कानगोष्टी जास्त चालतात. संघात गट आहेत. आमच्या गटाचे एक ज्येष्ठ आहेत, त्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणतात. गटाची रीत अशी, की अर्ज भरायच्या आधी एका रविवारी साहेबांच्या बंगल्यातल्या ऑफिसात जमायचं, पोहे खायचे, अध्यक्ष व्हायची ज्यांना इच्छा आहे त्यांनी ती लाजत लाजत बोलून दाखवायची आणि मग साहेब ज्याच्या हातात नारळ देतील तो गटाचा उमेदवार. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. कोणी मत विचारत नाही, कोणी देत नाही.

त्या वर्षी इच्छुक तिघं होतो. एक साहेबांचा पुतण्या. बोलायला गोड, आणि कोटाची इस्त्री संध्याकाळपर्यंत न मोडणारा. दुसऱ्या, कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या एक मॅडम. तिसरा मी. गंगापूरकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला वकील, मुक्काम शहरातला गारखेडा. तो मुक्काम फक्त आधार कार्डावर आहे, खरा मुक्काम कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये, असं माझी बायको म्हणते.

साहेबांनी देवाच्या फोटोसमोरचा नारळ उचलला, खोलीवरून नजर फिरवली आणि तो सरळ माझ्या हातात ठेवला.

“घ्या वकीलसाहेब.”

मी उभा राहिलो. “मेंढरामागं फिरणाऱ्या बापाच्या लेकरावर साहेबांनी जो विश्वास टाकला,” इथून मी सुरुवात केली आणि न्यायव्यवस्थेच्या भवितव्यापर्यंत पोचलो. टाळ्या वाजेनात. साहेब टेबलावर नसलेला चष्मा शोधत होते. माझ्या शेजारी माझा जुना मित्र बसला होता. तोही वकील, आणि आपल्या शहराची दखनी हिंदी सोडून दुसरं काही बोलत नाही. त्यानं माझ्या शर्टाचं टोक ओढलं.

“वकीलसाब, बैठो. फोडने को दिया था.”

“काय?”

“नारियल! हात में ताकद है बोलके तुमको दिया. फोडके परसाद बाटना था. असली नारियल उधर है.”

मी तिकडं पाहिलं. पुतण्याच्या पुढ्यातल्या ताटात शाल होती, आणि शालीवर हळदीकुंकू लावलेला दुसरा नारळ.

खोली अशी हसली की आतून साहेबांच्या घरची माणसं दारात आली. मी बसतच होतो. खरं सांगतो, गोष्ट तिथंच संपली असती. मी नारळ फोडला असता, खोबरं वाटलं असतं, दोन दिवस लोकांच्या टोमण्यांवर स्वतःच हसलो असतो. पण पुतण्या हसत हसत म्हणाला, “काका, राहू द्या ना, यांनाच उभं करू. भाषण तर झालंय.” आणि लोक पुन्हा हसले.

मला राग आला की माझ्या तोंडातून पुस्तकी मराठी निघून जाते आणि गंगापूर येतं.

“साहेब, दिला तो दिला. मी आता माघारी देत नाय.”

“वकीलसाहेब, गंमत पुरे झाली.”

“गंमत नाय साहेब. कुणाला उभं करायचं ते ठरवलं कुणी?”

“मी. दरवेळी मीच ठरवतो.”

“अन आमचं मत?”

“मत निवडणुकीत द्या की. कोणी हात धरलाय?”

“तिथं तुम्ही दिलेल्या माणसालाच द्यायचं ना? मग इथं कुणाला द्यायचं ते कवा विचारणार?”

तेवढ्यात कोपऱ्यातल्या मॅडम बोलल्या. तोवर त्यांना ‘तुमची इच्छा सांगा’ असंसुद्धा कोणी म्हटलं नव्हतं.

“हे बरोबर बोलतायत. आधी गटात मतदान घ्या. मी उभी राहते, हे राहतील, पुतणेही राहू देत. ज्याला जास्त मतं, तो गटाचा उमेदवार.”

“अहो बाई,” साहेब म्हणाले, “घरात कधी मतदान घेतात का?”

“हे घर नाहीये साहेब, गट आहे. घरी तर मी भाजीसुद्धा कुणाला विचारून करत नाही.”

एवढं झाल्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. मी नारळ घेऊन निघालो. स्कूटरच्या डिकीतून घरी आलेल्या त्या नारळाची बायकोनं चटणी केली, आणि जेवताना विचारलं, “उमेदवारी मिळाली का?”

“मिळाली होती.”

“मग?”

“फोडायला होती.”

पुढच्या शनिवारी, कोर्ट सुटल्यावर, मागच्या कॅन्टीनच्या पत्र्याखाली गटाचं मतदान घ्यायचं असं मी आणि मॅडमनी जाहीर केलं. साहेबांचा उलटा निरोप आला, की जो कोणी तिथं जाईल तो गटाचा नाही. हे साधं नव्हतं. गटातल्या निम्म्या तरुण वकिलांना साहेबांच्या ऑफिसातून कामं मिळतात. लोक आलेच नाहीत तर पुतण्या उमेदवार, आणि पुढं कुणी विचारायची हिंमत करणार नाही, हे मला दिसत होतं. म्हणून मी टेबलाटेबलावर फिरलो.

“सर, येतो ना,” एक पोरगेलासा वकील म्हणाला, “पण साहेबांना कळलं तर?”

“कळावं म्हणूनच घेतोय बाबा.”

मतदानाचे नियम मीच केले, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. साहेबांच्या बैठकीला फक्त जुनी माणसं बोलावली जायची. मी म्हटलं, काल वकिलीची सनद मिळालेल्यालाही मत, महिला वकिलांनाही मत, गंगापूरकडून एसटीनं येऊन दिवसभर जिन्यावर बसणाऱ्यांनाही मत. मित्रानं चहाचा कप खाली ठेवला.

“वकीलसाब, ये सब लोग तुमकोच देंगे क्या?”

“का नाही देणार? हक्क कुणी मिळवून दिला?”

त्यानं कप परत उचलला.

शनिवारी लोक आले. आधी कॅन्टीनवाल्याशी उगाच बोलत, मग खांबाआड उभं राहत, मग खुर्च्या ओढून उघड बसत. पुतण्या आला नाही, पण त्याच्या ऑफिसातले दोघं आले आणि मान खाली घालून मत देऊन गेले. ते पाहून मला वाटलं, आपण जिंकलोच. त्या आनंदात मी भाषणाला उभा राहिलो. एकाच वाक्यात राज्यघटना आणि आमच्या आज्याची मेंढरं आणली आणि त्यांना वेगळं करता करता वेळ गेला. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, “महिला वकिलांना बसायला एक खोली नाही. तालुक्यातून येणाऱ्याला पाणी प्यायला जागा नाही. आणि अध्यक्ष कोण होणार हे आपल्याला कायम शेवटी कळतं. मला हे तिन्ही बदलायचंय.” बसल्या.

पाण्याच्या रिकाम्या जारमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. मित्रानं त्या मोजल्या आणि मोठ्यानं वाचल्या.

“मॅडम. मॅडम. मॅडम. वकीलसाब. मॅडम.”

माझं नाव आलं की मी अक्षर कुणाचं ते ओळखायला वाकून पाहायचो. पहिल्यांदा आलं ते माझंच होतं. ज्या ज्या माणसाला मी मताचा हक्क मिळवून दिला, त्यानं तो नेमका माझ्याविरुद्ध वापरला. थोडक्यात हरलो असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

वडिलांना मी बंगल्यावरच्या बैठकीच्या रविवारी सकाळीच फोनवर सांगून ठेवलं होतं, की आज माझं नाव पक्कं होतंय. त्यांनी ते गावभर केलं होतं. आता सांगणं भाग होतं.

“बापू, मी हरलो.”

“इतक्यात? निवडणूक झाली व्हय?”

“नाय, ती अजून व्हायचीय.”

“मग हरला कशात?”

“गटात. उभं कुणी राहायचं त्यासाठीची निवडणूक होती.”

“ती कुणी काढली?”

“मीच.”

बापू म्हणाले, “लई शिकलास बाबा,” आणि फोन ठेवला.

सोमवारी साहेबांनी मला व्हरांड्यात गाठलं. खांद्यावर हात ठेवला.

“झाली ना हौस? आता इकडं या. उपाध्यक्षपदाला मी अजून कुणाचं नाव घेतलेलं नाही. तुमचं घेतो. फक्त बाररूममध्ये उभं राहून एवढं सांगा, की शनिवारचा तो प्रकार म्हणजे चेष्टा होती.”

मला मोह झाला. आपल्याला झाला नसता असं कोणी म्हणेल तर तो वकील संघात कधी उभाच राहिलेला नाही. उपाध्यक्ष म्हणजे पत्रिकेवर नाव, समारंभात पुढची खुर्ची, गावात बापूंना तोंड दाखवायला जागा. आणि काम किती, तर एक वाक्य बोलायचं. मी मनात ते वाक्य म्हणूनसुद्धा पाहिलं. तेव्हा मला खांबाआडून पुढं आलेली ती माणसं आठवली. मी चेष्टा म्हटलं असतं तर त्यांनी भीत भीत दिलेलं प्रत्येक मत चेष्टेचं ठरलं असतं.

“साहेब, चेष्टा तुमच्या बंगल्यावर झाली. शनिवारी मी खरोखर हरलोय.”

“तुमच्यामुळं गट फुटेल.”

“फुटू द्या.”

“हरलेल्या माणसाला एवढी घमेंड?”

“मोजून हरलोय साहेब. तुमचा पुतण्या न मोजता जिंकलाय.”

खांद्यावरचा हात निघाला. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या अर्जावर सूचक म्हणून मी सही केली. पुतण्यानंही अर्ज भरला. एकाच गटाचे दोन उमेदवार झाले, मतं दोन्हीकडं वाटली गेली, आणि ज्या तिसऱ्या गटाला आम्ही कधी हिशेबात धरत नव्हतो त्याचा माणूस गुलाल लावून आमच्यासमोरून गेला. सगळं कोर्ट म्हणालं, हे या मेंढक्यानं केलं. मी म्हटलं, व्हय, केलं. मॅडम माझ्याहून शांत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, मला मिळालेली मतं माझी आहेत. कुणी हातात ठेवलेली नाहीत.”

यंदा पुन्हा निवडणूक लागलीय. पुन्हा फुटून हरायचं नव्हतं, म्हणून गटाची बैठक बंगल्यावर नाही, बाररूममध्ये झाली. साहेब उभे राहिले, थोडं खाकरले आणि म्हणाले, “उमेदवार कसा ठरवायचा, तुम्हीच सांगा.” मागून एका तरुण वकिलाचा आवाज आला, “मतदान.” साहेबांनी मान हलवली. ती मान हलवायला त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलं, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्या माझ्या टेबलाशी आला. खुर्ची नव्हती, उभाच राहिला.

“सर, गटातल्या मतदानाला मी पण आहे. लक्ष असू द्या.”

इतक्या वर्षांत या माणसानं माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी त्याला चहा सांगितला.

“मत नाय देणार तुम्हाला,” मी म्हटलं.

“मॅडमना देणार?”

“त्यांनाही नाय. मी परत उभा राहतोय.”

“परत? सर, मागच्या वेळी तर तुम्ही...”

“हरलो होतो. यंदाही हरीन कदाचित. तुम्ही सगळीकडं फिरून या, टेबलं बरीच आहेत.”

तो चहा संपवून पुढच्या टेबलाकडं वळला.