अडीच बोटांची धाव

हातात काहीही आलं की रेंगीवाले बोटाच्या पेराने त्यावर दोनदा टकटक करायचे, कान जवळ न्यायचे आणि निकाल द्यायचे, "बोलते." नाहीतर, "नाई बोलत." भोपळा, मडकं, गाडीचं चाक, कशाचीच सुटका नव्हती. आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा मी खोकल्याच्या औषधाची बाटली पुढे केली. तिच्यावरही टकटक झालं.

"नाई बोलत, कंपोंडर. अर्धीच हाये."

बाटली खरंच अर्धी होती. नागपूरहून औषधाच्या पेट्या आल्या नव्हत्या, म्हणून मी जरा हात आखडता घेतला होता. मुकाट्याने भरून दिली.

तेव्हा मी अमडापूरला कंपाउंडर होतो. हे गृहस्थ भाजीपाला पिकवणारे. मळा गावापासून दीड कोसावर. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, रेंगीवाले म्हणत. रेंगी म्हणजे दोघांनी बसायची हलकी बैलगाडी. तुम्ही शंकरपट, म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत, पाहिला असेल तर ठाऊक असेल, पटात बैलांमागे जी सुसाट पळते तीच. असली रेंगी ज्याच्या दारात असे तो ती वर्षभर छपराखाली झाकून ठेवी आणि पटाच्या दिवशी नवरीसारखी बाहेर काढी. हे मात्र तीच रोज जुंपायचे. वांगी, मेथी, मुळे, वर स्वतः, आणि भरधाव. रस्त्याने लोक ओरडत, "काऊन हो, आज वांग्याचा पट हाये का?"

"मंग! वांगेही ताजे पोचले पाह्यजे ना बे!"

त्या रेंगीचे लाड विचारू नका. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकून आकसतं आणि वर चढवलेली लोखंडी धाव ढिली पडते. म्हणून ते रोज दुपारी चाकांवर घागरीने पाणी ओतायचे. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. ती कपाळावर हात मारून सांगायची, "भाऊ, आमच्या घरी आधी चाकं पानी पेतात, मंग बैलं, मंग आमी."

एका वर्षी दोन्ही चाकांच्या धावा झिजून पार पातळ झाल्या. पट माघात होता. त्यांचे बैल वयाला आले होते. पुढच्या वर्षी ते पटात पळणार नाहीत हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आजवर दोनदा त्यांचा दुसरा नंबर आला होता, पहिला कधीच नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी.

पण त्याच वर्षी वहिनीला दिवस गेले होते. त्याआधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. केसपेपर मीच लिहिले होते, म्हणून मला माहीत. डॉक्टरांनी बजावलं, दर आठवड्याला दाखवायला आणा आणि धक्के बसू देऊ नका. मळ्यापासून गावापर्यंतची वाट म्हणजे निव्वळ काळी माती आणि खोल चाकोऱ्या. अरुंद धाव त्यात कचकन रुतते आणि बसणाऱ्याचं कंबरडं मोडते.

धाव घ्यायला लोहाराकडे निघाले तेव्हा मलाही सोबत नेलं. लोहाराने खामगावहून आणलेल्या दोन तऱ्हांच्या पट्ट्या समोर टाकल्या. एक दीड बोट रुंद, दुसरी अडीच बोटं.

मला पटाचा भारी शौक. मी लगेच शहाणपणा केला. "दीड बोटाचीच घ्या. चाक हलकं राहील. यंदा पट मारायचाय ना?" आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. पोटुशा बाईचा केसपेपर लिहिणारा माणूस मी, आणि तोंडातून निघालं काय तर पट.

त्यांनी दोन्ही पट्ट्यांवर टकटक केलं. कान लावला. "दोनीही बोलतेत," म्हणाले, आणि उकिडवे बसून राहिले. अरुंद पट्टी त्यांनी हातावर तोलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग ती पट्टी पायाने बाजूला सारून म्हणाले, "रुंद चढव."

लोहार चाट पडला. "पट?"

"चढव म्हन्तो ना." आणि आवाज खाली आणून, "घरी मी सांगन का लोहारानं चुकी केली, बारीक सांगतली तं रुंद चढवली. तू नाई म्हनू नको. तिले मालूम पडलं तं ती मले बारीकच लावाले लावन, अन् पायी येईन दवाखान्यात."

"माह्या बापानं जिंदगीभर धावा चढवल्या, एक चुकी नाई झाली!"

"मंग तुह्यी एक होऊ दे."

लोहाराने शिव्या घालत गोवऱ्यांचं आळं पेटवलं. पट्ट्यांच्या लाल झालेल्या कड्या तिघांनी चिमट्यांनी उचलून एकेका चाकावर बसवल्या, पाणी पडलं, वाफ उठली, लाकूड करकरलं. गार झाल्यावर त्यांनी टकटक केलं आणि मान हलवली. लोहार मात्र पुढे कित्येक महिने बाजारात टोमणे खात होता. पण त्या भल्या माणसाने तोंड उघडलं नाही. माझ्याकडूनही रेंगीवाल्यांनी तसंच वचन घेतलं होतं.

माघात पट झाला. त्यांची रेंगी चौथी आली. कोणीतरी ओरडलं, "आले बापा वांगे!" आणि सगळं मैदान हसलं. तेही हसले. त्या रुंद चाकांवर ते आदल्याच दिवशी वहिनीला दवाखान्यात घेऊन आले होते, तेव्हा ती गाडीत बसल्या बसल्या चक्क डुलकी घेत होती.

सगळे पांगल्यावर मी त्यांना शोधत गेलो. ते चाकाला टेकून बसले होते आणि डोळे पुसत होते.

"मले जिंकाचं होतं, कंपोंडर," ते म्हणाले. "लई जिंकाचं होतं."

मी शेजारी बसलो.

चैत्रात आमच्या दवाखान्यात मुलगी झाली. त्यांनी बोटाचं पेर पुढे करताच दाईने घाबरून पोर मागे ओढलं. तेवढ्यात पोरगी अशी काही किंचाळली की यांनी हात जोडले. "बोलते," म्हणाले. "लई बोलते."

पुढे माझी मोताळ्याला बदली झाली. बऱ्याच वर्षांनी एका उन्हाळ्यात अमडापूरला जाणं झालं, तेव्हा कळलं की रेंगीवाले गेले. मी मळ्यावर गेलो. बैल नव्हते. मुलगी दुसरबीडला दिलेली. छपराखाली रेंगी उभी होती आणि वहिनी घागरीने तिच्या चाकावर पाणी ओतत होती.

"कोण जुंपते आता, वहिनी?"

"कोनीच नाई. पन उन्हानं धाव ढिली पडन ना भाऊ."

मला राहवलं नाही. एवढ्या वर्षांचं वचन मोडून मी म्हणालो, "वहिनी, लोहाराची चूक नव्हती."

तिने घागर खाली ठेवली. "मले का मालूम नाई? लोहाराची चुकी झाली तं एका चाकाले होईन. दोनीही चाकाले सारखी कशी होईन?"

"मग त्यांना कधी बोलली नाहीस?"

"काऊन बोलू? मोठ्या हौसेनं सांगत." तिने पदराने डोळे टिपले. "तो पट माह्या पायी गेला भाऊ. तो मी त्याइले परत कुठून आनून देऊ? मंग धाव तरी ढिली नाई पडू देत."

मी वाकून ओल्या चाकावर पेराने दोनदा टकटक केलं आणि कान लावला.

"बोलते?" तिने विचारलं.

"बोलते," मी म्हणालो.

तिने घागर उचलली आणि दुसऱ्या चाकाकडे गेली.