बाकावरचं ऐकलेलं

दर मंगळवारी आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची तपासणी असायची. दारात आकडा लिहिलेला प्लास्टिकचा बिल्ला मिळायचा. तो मुठीत धरून भिंतीलगतच्या लांब बाकावर बसायचं. मी नेहमी टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळ बसायचे. तिथं बसलं की एकाच बाजूला माणूस येतं, दुसऱ्या बाजूला पिंप. पिंप काही विचारत नाही.

माझा मुलगा आता अंगणवाडीत जातो. तो तिकडे असतो तेवढ्या वेळात हे लिहितेय. दाखवायचं कुणाला नाही, पण ते दिवस कुठंतरी ठेवावेत असं वाटतं.

मी चौथीत असताना आई गेली आणि शाळा सुटली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला भाकरी थापायला शिकवली, शेळीची धार काढायला शिकवली. बाईच्या अंगाचं जे आई सांगते, ते त्यांना कसं सांगता येणार होतं? लग्न होऊन जालन्याकडच्या गावातून मी इकडे शहरात केबिन रोडच्या मागच्या चाळीतल्या एका खोलीत आले. नवरा मिरा रोडला एका उंच इमारतीत वॉचमन. बारा तासांची ड्यूटी. माणूस चांगला आहे, पण घरी आला की झोपतो. सासू गावी, दोन म्हशी सोडून ती येणार नव्हती. शेजारणी गुजराती आणि यूपीच्या. मला हिंदी समजायचं, पण बोलायला गेलं की जीभ अडायची. खरं सांगायचं तर मराठीतही अडायची.

माझी काळजी अशी होती. माझ्या छातीची बोंडं बाहेर नाहीत, आत वळलेली आहेत. पहिल्यापासून तशीच. लग्नाआधी त्याचं काही वाटलं नाही. पण केंद्राच्या भिंतीवर बाळाला पाजणाऱ्या आईचं मोठं चित्र होतं. दर मंगळवारी त्याच्याकडे बघताना मनात यायचं, माझं बाळ धरणार कशाला? धरायलाच काही नाही, तर ते उपाशी राहील. हे मी नवऱ्याशीही बोलले नव्हते. सिस्टर दर वेळी विचारायच्या, "काही त्रास?" मी मान हलवायचे. नाही.

बाकावर नुसतं बसायची लाज वाटायची म्हणून मी शिवण न्यायला लागले. नवऱ्याचे जुने युनिफॉर्मचे शर्ट फाडून लंगोट शिवत होते. मान खाली राहायची, कुणाकडे बघावं लागायचं नाही. सातव्या महिन्यातल्या एका मंगळवारी शेजारी बसलेल्या बाईने माझ्या हातातून लंगोट ओढूनच घेतला. माहेर समुद्राकाठच्या पालीचं, कोळ्याघरची. नवरा रिक्षा चालवायचा म्हणून आमच्याच बाजूला भाड्याने राहायची. दुसऱ्या खेपेची होती. आवाज असा की आतल्या डॉक्टरांनाही ऐकू जावा.

"अगो, यो कपडा कनचा?"

तिने शर्टाची खांद्यावरची पट्टी बघितली आणि हसायलाच लागली. "वॉचमनचा शर्ट हाय! तुजा पोर भायेर येताच सलाम ठोकंल!"

पलीकडे यूपीची एक भाभी बसायची, तिसऱ्या खेपेची. तीही हसली. "अरे, इसका बच्चा रात भर जागेगा, ड्यूटी करेगा."

मलाही हसू आलं, पण मी ते पदरात दाबलं. कोळीण मग लंगोट पिंपाजवळ घेऊन गेली आणि नळाचं थोडं पाणी त्यावर सोडलं. पाणी थेंबाथेंबाने घरंगळून खाली पडलं. "बघ. टेरिकॉट हाय. पानी पीत न्हाय. पोराची मांडी सोलून निंगंल. जुना सुती पायजे, धुऊन धुऊन मऊ झालेला." तिने लंगोट झटकून माझ्या मांडीवर ठेवला. "तुज्याकडं जुनी साडी न्हाय का कनाची?"

मी मान हलवली. आईच्या साड्या आबांनी तेव्हाच वाटून टाकल्या होत्या. पण एवढं सगळं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

"गूँगी है क्या?" भाभीने हळूच विचारलं.

"न्हाय गो. लाजते."

तेव्हापासून त्या दोघी माझ्या शेजारी बसायला लागल्या. बोलायच्या त्या एकमेकींशी, मी ऐकायचे. माझी मान काळी पडली होती. मी ती मळ समजून रोज दगडाने घासायचे, सालं निघाली होती. एका मंगळवारी भाभीने स्वतःची मान दाखवून कोळणीला सांगितलं की आपली दर खेपेला अशी होते आणि नंतर आपोआप उजळते. त्या दिवशी घरी जाऊन मी दगड मोरीच्या मागे टाकून दिला. पाय सुजले तर उशीवर ठेवायचे, जळजळ होत असेल तर रात्री लवकर जेवायचं, सगळं असंच मिळालं. कुणी मला म्हणून सांगितलं नाही. तेच बरं वाटायचं. घरी आल्यावर मात्र ते बोलणं मनात पुन्हा पुन्हा चालवायचे आणि त्यात माझंही एखादं वाक्य घालायचे. खोलीत दुसरं कुणी बोलणारं नव्हतंच.

आठव्या महिन्यात एकदा भाभीने तिच्या जावेचं काढलं. जावेचं बाळ छातीला लागत नव्हतं, कारण तिचं सगळं आत होतं. मी सुईत दोरा ओवत होते. दोरा हातातच राहिला.

"माजा पयल्या टायमाला तसाच व्हता," कोळीण म्हणाली. म्हणजे ती! एवढी मोठ्याने हसणारी! "सिस्टरनं शिकवला. इंजेक्शनची मोठी सिरिंज घ्यायची, सुई न्हाय लावायची. पुढचा तोंड ब्लेडनं कापायचा. मंग छातीला लावून दट्ट्या हलूहलू ओढायचा. भायेर येतंय. पन बग हां, ते..."

"सतरा नंबर!" आतून हाक आली. माझ्या मुठीतला बिल्ला सतराचा होता.

उठू नये असं वाटत होतं. पण सिस्टरांनी दुसऱ्यांदा पुकारलं. आत जाऊन वजन, बीपी करून बाहेर आले तेव्हा त्या दोघी मासळीच्या भावावर बोलत होत्या. "पण बघ हां" च्या पुढे काय होतं ते विचारायला मी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

घरी जाताना केबिन रोडवरच्या मेडिकलमधून सिरिंज घेतली. दुकानदाराने विचारलं, "सुई के साथ?" मी मान हलवली, त्याने सुईसकट दिली. दुपारी दार लावून घेतलं, सिरिंजचं तोंड ब्लेडने कापलं, तीच कापलेली बाजू छातीला लावली आणि दट्ट्या ओढला. कापलेल्या कडा खरखरीत होत्या. डोळ्यांत पाणी आलं, पण बोंड थोडं पुढे आल्यासारखं वाटलं. मला केवढा आनंद झाला! तीन दिवस मी ते केलं. दुखतं म्हणजे काम होतंय असं समजत होते.

चौथ्या दिवशी गोल चिरा पडून रक्त आलं. आणि पोट दगडासारखं कडक झालं. सुटलं, परत झालं. मी खाटेवर बसून पोटावर हात ठेवला. बाळ हलत नव्हतं की मलाच समजत नव्हतं, कोण जाणे. नवरा ड्यूटीवर, त्याचा फोन लागेना. दोन्ही बाजूच्या खोल्यांतून टीव्हीचे आवाज येत होते. कुठलंही दार वाजवता आलं असतं. दारात काय बोलायचं तेच सुचेना. मी चप्पल घातली आणि चालत केंद्रात गेले.

त्या दिवशी लसीकरण होतं. बाकावर सगळ्या अनोळखी बायका, मांडीवर पोरं. सिस्टर टेबलाशी लिहीत होत्या.

"आज तुमचा वार नाही. काय झालं?"

मी काहीतरी पुटपुटले.

"अहो, जोरात बोला. इथे पोरं रडतायत."

ते होईना. मी पिशवीतून लंगोटात गुंडाळलेली सिरिंज काढली आणि टेबलावर ठेवली. सिस्टरांनी लंगोट उलगडला. कापलेली सिरिंज बघितली आणि उठून मला पडद्याच्या आत नेलं. ब्लाउज उघडल्यावर त्यांच्या तोंडून "अगं आई गं" निघालं.

"हे कुणी सांगितलं तुला?" आता त्या मला अगं-तुगं करत होत्या.

"बाकावर."

"बाकावर कुणी तुला सांगितलं?"

"मला नाही सांगितलं," मी म्हणाले. "मी ऐकलं."

आणि मी रडायला लागले. एवढं एक वाक्य बोलायला मला आठ महिने लागले होते.

त्यांनी पोटावर यंत्र लावलं. आधी नुसती खरखर, मग टकटक टकटक. बाळ ठीक होतं. डॉक्टरांनी तपासलं, डाव्या कुशीवर झोपवलं, पाणी प्यायला लावलं. तासाभराने पोट सैल झालं. सिस्टर परत आल्या आणि नव्या सिरिंजवर दाखवलं. कापलेली बाजू अंगाला कधीच नाही लावायची. दट्ट्या काढून कापलेल्या बाजूने आत घालायचा, मागची गुळगुळीत कड छातीला. आणि हे सगळं बाळ झाल्यावर, पाजायच्या आधी. आता पोटात असताना नाही, कळा येऊ शकतात. "पण बघ हां" च्या पुढे बहुतेक हेच होतं.

"कान एवढे तिखट आहेत, मग तोंड का नाही चालवत?" त्या म्हणाल्या. मलम देऊन त्यांनीच मला दारापर्यंत सोडलं.

पुढच्या मंगळवारी कोळीण बाकावर नव्हती. भाभीने सांगितलं, तिचा रिक्षावाला नवरा येऊन सांगून गेला, ती पालीला माहेरी गेली, तिथंच दिवसांआधी मुलगी झाली. मग पिशवीतून गाठोडं काढून माझ्याकडे दिलं. "बोली, वो जो बोलती नहीं, उसको देना." आत पंचवीस लंगोट होते, जुन्या सुती लुंगीचे, चौकडीचे. धुऊन धुऊन एवढे मऊ की हातात धरले तरी जड वाटू नयेत. मी तिचं नाव विचारलं तर भाभी म्हणाली, "मालूम नहीं. मैं तो पाली वाली बोलती थी." तिचा नंबरही कुणाकडे नव्हता. भाभीची तारीख त्याच आठवड्यातली होती. त्यानंतरच्या मंगळवारी मी पिंपाजवळ बसले तेव्हा शेजारच्या त्या दोघींच्या जागा रिकाम्या होत्या.

मला मुलगा झाला. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात पुरुषांना आत सोडत नव्हते. नवरा रात्रपाळी संपवून यायचा, जाळीतून बाळ बघायचा आणि डब्बा ठेवून जायचा. शेजारच्या खाटेवरच्या बाईजवळ आई, मावशी, नणंद, सगळ्या आळीपाळीने होत्या. माझ्या खाटेवर मी आणि बाळ.

ज्याची भीती होती तेच झालं. बाळ तोंड उघडायचं, शोधायचं आणि रडायचं. सिस्टरने चीक वाटीत पिळून चमच्याने पाजायला लावला. पहिला दिवस तसा गेला. दुसऱ्या दिवशी शेजारणीची मावशी म्हणाली, "अगं, धरत नाही ते, पावडर आणायला सांग." मी मान हलवली.

दुपारी आबांचा फोन आला.

"बाळ लई रडायलंय का?"

"थोडं."

पलीकडे शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मग ते एकदम म्हणाले, "आपली ती काळी शेळी आठवती का? पहिलारू व्हती. पिल्लू धरतच नव्हतं. दोन दिस मी तिला घेऊन बसलो. तिसऱ्या दिशी धरलं."

"हो आबा."

"बस, तेवढंच." आणि फोन ठेवला.

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं ते आणि मी एका घरात गप्प बसून जे बोलत होतो, तसंच हे.

मी उठले आणि वॉर्डच्या मधोमध, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, "सिस्टर, मला मोठी सिरिंज द्या. सुई नको." शेजारची मावशी वळून बघायला लागली. सिस्टरने सिरिंज कापून दिली. दट्ट्या मी उलट्या बाजूने घातला.

त्या दिवशी जमलं नाही. त्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाचा चौकडीचा लंगोट बदलला, सिरिंज लावली, काढली, बाळाला जवळ घेतलं. त्याने दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा धरलं आणि सोडलंच नाही. त्याच्या गळ्यातून घोट उतरल्याचा आवाज आला. दुखत होतं. मी हलले नाही.

कुणाला सांगावं? नवरा येऊन गेला होता. कोळणीचं नाव मला माहीत नव्हतं. शेजारच्या खाटेवर सगळ्या चहा पीत होत्या. मी एका हाताने फोन लावला.

"आबा, पिल्लानं धरलं."

परत नुसत्या घंटा. मग आबा खाकरले.

"हां," ते म्हणाले. "आता त्याच्या मानेखाली हात धर."