दगडूच्या दोन भाकऱ्या

शेवटचं जेवण आम्ही लष्कराच्या डेपोच्या शेडमागे केलं, मी आणि नाईक दगडू. पोस्टिंग पनवेलजवळ मिळालेलं, म्हणून मी सुकापूरच्या घरून ये-जा करायचो. बायको माझ्या डब्यात दगडूच्या दोन तांदळाच्या भाकऱ्या जास्त बांधायची, वर सुकटही. मला ते खुपायचं.

दोघंही फोर्कलिफ्ट ऑपरेटर. पण अवघड पेटी आली की सुभेदारसाहेब म्हणायचे, दगडूला बोलवा. तो आधी पेटीभोवती फेरी मारायचा. जड बाजू कुठली ते बघायचा, ती मास्टला, म्हणजे काट्यांमागच्या उभ्या खांबाला, चिकटवून घ्यायचा. जमिनीपासून वीतभर उचलायचा, जास्त नाही. भरलेली गाडी रॅम्पवरून उतरवायची तर रिव्हर्समध्ये. मीही हेच करायचो. माझं नाव कोणी घ्यायचं नाही. घरी बोललो तर बायको म्हणाली, "भावजींचा हात हलका हाय. तुमी रागान उचलता."

त्या दुपारी इंजिनाची पेटी रॅम्पवर आली. लांब, आणि जड टोक बाहेरच्या बाजूला. फिरवून घ्यायला वेळ नाही, सुभेदारसाहेब म्हणाले. दगडूने उचलली तशी गाडीची मागची चाकं हलकी झाली. आमच्याकडे खोड होती, अशा वेळी दोन जवान मागे चढून वजन द्यायचे. तसे चढले.

"उतरू नका. आधी पेटी खाली ठेवतो," दगडू म्हणाला.

एकाने घाबरून उडी मारली. मागचा भाग वर उचलला गेला, चाक रॅम्पच्या कडेवरून सुटलं, गाडी कलंडायला लागली. अशा वेळी स्टेअरिंग धरून आतच बसायचं, हे दगडूनेच आम्हाला शिकवलेलं. दुसरा जवान पडत्या बाजूला लोंबकळत होता. दगडूने स्टेअरिंग सोडलं आणि त्याला ढकललं. जवान वाचला. दगडू गाडीखाली आला.

वायरलेसवर मी बोललो. "ॲम्ब्युलन्स पाठवा. ऑपरेटर खाली."

"जिवंत?"

"नाही."

घरी सांगितलं. बायको जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून रडत बसली. मला वाटलं, मी गेलो असतो तर एवढी रडली असती का. आता, इतक्या वर्षांनी, तीही गेली. विचारायचं राहिलं.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यापुरत्याच भाकऱ्या थापत होती.

"त्याच्यापन दोन कर," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. केल्या.

पेटी अजून रॅम्पवरच होती. सुभेदारसाहेबांनी मला बोलावलं. डबा सीटजवळ ठेवला. पेटीभोवती फेरी मारली. जड टोक मास्टकडे घेतलं, वीतभर उचललं. मागे कोणाला चढू दिलं नाही.