वायरवाली, बॅटरीवाली आणि साळव्याचं मखर

लाकूड कापलं की भुसा पडतो आणि रिटायर माणसं एकत्र बसली की किस्से पडतात. भुसा झाडूवाली सकाळी भरून नेते. किस्से मात्र तिथंच राहतात आणि त्यांचा ढीग होतो! मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, पंपरूमच्या बाजूला, असाच एक ढीग साचलाय. त्यातला निम्मा एकट्या जिगसॉचा.

जिगसॉ म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी मध्येच हात वर करायचा. हातात धरायची करवत. खालून बोटाएवढं पातं निघतं आणि शिलाई मशीनच्या सुईसारखं खालीवर नाचतं. साधी करवत जिथं वळत नाही तिथं ही वळते. कमान कापा, वेल कापा, मोर कापा. एक येते वायरवाली, प्लगमध्ये खुपसायची. दुसरी बॅटरीवाली, तिला शेपूट नाही. यातली कुठली घ्यायची यावर आमच्यात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नात मुलगी बघताना झाली नव्हती!

गरज होती साळव्याला. साळवी पोस्टातून रिटायर झालेला, मूळचा रत्नागिरीकडचा. त्यांचा घरचा गणपती पिढ्यानपिढ्या गावाला. पण गावात उरलेत एकटे मोठे दादा, आणि त्यांच्याच्यानं आता होईना. म्हणून यंदा गणपती पहिल्यांदाच मीरा रोडला यायचा होता, दादांसकट. दादांनी फोनवर एकच अट घातली.

"मखर आपल्या हातचं पायजे. विकतच्या मखरात बसवणार असशील तर पुढल्या वर्षापास्नं गणपती परत गावाला. आणि मी पण!"

साळवी हो म्हणून बसला. पोस्टात शिक्के मारलेला माणूस, खिळा मारला तर अंगठ्यावरच!

*

पहिली कमान त्यानं साध्या करवतीनं कापली. मी बघायला गेलो.

"कशी झालीय?" साळव्यानं विचारलं.

"छान. उंदरानं कुरतडलेली वाटते. वाहन आधीच येऊन गेलं म्हण की!"

दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चाळके, मशीन घ्यावं लागेल."

*

तिथून दोन पार्ट्या पडल्या. वायर पार्टीचे पुढारी कुलकर्णी, टेलिफोन खात्यातले इंजिनीअर. बॅटरी पार्टीचे जिग्नेशभाई. त्यांचं कापडाचं दुकान आता मुलगा बघतो आणि हे आम्हाला बघतात. माझी पार्टी कुठलीच नव्हती. मी सातवीत शाळा सोडली आणि काशीमीऱ्याच्या गोदामात लाकडी खोके ठोकत म्हातारा झालो. मला फक्त भांडण बघायचं होतं.

"वायरवाली म्हणजे नळाचं पाणी," कुलकर्णी म्हणाले. "सोडा नळ, चालू. बॅटरी म्हणजे बादली. ऐन साबण लावल्यावर संपणार!"

"अरे कुलकर्णीसाहेब," जिग्नेशभाई म्हणाले, "वायर म्हणजे गाय खुंटीला बांधली. प्लग जिथे, तुम्ही तिथे. मोबाइलला कोण वायर लावून फिरतो आता?"

"तुम्ही! तुमचा मोबाइल दिवसभर चार्जरलाच असतो!"

मग आम्ही चौघं भाईंदरला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं शांतपणे विचारलं, "काम क्या है?"

"मखर," साळवी म्हणाला.

"और उसके बाद?"

मीच सांगितलं, "उसके बाद ये दोनों की जुबान काटनी है. कौन सी चलेगी?"

दुकानदार हसला नाही. गिऱ्हाईक रोज असलीच येत असणार. म्हणाला, "एक जगह बैठ के घंटों काटना है तो वायरवाली. हलकी भी है, सस्ती भी. घर में घूम-घूम के थोड़ा-थोड़ा काम, तो बॅटरीवाली. और उसी बॅटरी का ड्रिल पहले से घर में है, तो सोचना ही नहीं."

जिग्नेशभाईंकडे तसलं ड्रिल होतं. त्यांनी तिथल्या तिथं बॅटरीवाली घेतली. कुलकर्णी इरेला पेटले आणि त्यांनी वायरवाली घेतली. ज्याला मशीन हवं होतं तो साळवी सँडपेपर घेऊन परत आला!

*

रविवारी वायरवालीचं उद्घाटन. पंपरूमच्या प्लगमधून एक्स्टेन्शन ओढलं, प्लाय टेबलावर शिकंज्यानं आवळला, कुलकर्णींनी गॉगल चढवला.

"बघा, अखंड पॉवर!" म्हणाले आणि मशीन बंद पडलं.

वायर हलवली, चालू झालं. "मी म्हणत होतो ना, बॅटरीसारखं हिचं..." परत बंद!

जिग्नेशभाई खुशीत टाळ्या वाजवायला लागले. कुलकर्णींनी पातं काढून बसवलं, बटण पुसलं, मशीन कानाला लावून ऐकलं. तोंड उघडलं की मशीन बंद, गप्प बसले की चालू. शेवटी हताश होऊन म्हणाले, "हिला माझा आवाजच सहन होत नाही."

"वहिनींनी ट्रेनिंग दिलं असेल," मी म्हटलं.

तेव्हा त्यांचं लक्ष खाली गेलं. एक्स्टेन्शनचा बोर्ड माझ्या खुर्चीखाली होता आणि स्विचवर माझ्या पायाचा अंगठा!

*

बॅटरीवालीची वेगळी तऱ्हा. काम झकास. वायर पायात येत नाही, पात्याखाली येईल ही भीती नाही. फक्त बॅटरी उतरली की चार्जर चौथ्या मजल्यावर, जिग्नेशभाईंच्या घरी. ते बॅटरी घेऊन वर जायचे. वर चहा, चहाबरोबर खाकरा, खाकऱ्याबरोबर टीव्ही.

साळवी खाली भुश्यात बसून विचारायचा, "तासाभरात चार्ज होते म्हणाले होते ना?"

"बॅटरी होते," मी म्हणायचो. "जिग्नेशभाईंना वेळ लागतो."

*

त्या मशीनला शेपूट नसल्यामुळे ती बिल्डिंगभर फिरायची. कुणाच्या पडद्याची पट्टी, कुणाच्या किचनच्या फळीला पाइपसाठी खाच. एकदा ती साळव्याच्या ओट्यावर राहिली. साळवीवहिनींनी सहज विचारलं, "हो भावजी, हिनं सुरण कापता येईल का? विळीवर हात भरून येतो."

एवढं मला पुरे होतं! खाली येऊन मी जिग्नेशभाईंना म्हटलं, "तुमचं मशीन फार गुणी. वहिनींनी आत्ताच अख्खा सुरण कापला."

जिग्नेशभाई जैन. कांदा-बटाटा दारात येऊ देत नाहीत, सुरण तर सोडाच. चेहरा पार उतरला. वर गेले, आणि वहिनींना अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बेन, ब्लेड तुमीच ठेवा. मशीनला पण तीन-चार दिवस इकडेच राहू द्या. मग बघू."

वहिनींना काही कळेना. साळव्याला मात्र आठवडाभर मशीन घरात मिळालं. माझ्यामुळे! आभार कुणी मानले नाहीत.

*

मग मोर. मखराच्या दोन बाजूंना समोरासमोर बघणारे दोन मोर हवे होते. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून प्लायच्या वरच्या अंगाला चिरफळ्या उडतात. चांगली बाजू खाली ठेवायची आणि आखणी पाठीवर करायची, हे कुलकर्णींनी आम्हाला फळ्यावर शिकवावं तसं शिकवलं. साळव्यानं मन लावून एकाच कागदावरून दोन्ही मोर आखले. एक वायरवालीनं कापला, एक बॅटरीवालीनं. धार दोन्हींची सारखीच सुंदर. उभे केले आणि वहिनींना हाक मारली.

वहिनींनी एकदा या मोराकडे बघितलं, एकदा त्या. मग म्हणाल्या, "दोघांचं भांडण झालंय का?"

एक मोर गणपतीच्या जागेकडे बघत होता, दुसरा सरळ गेटकडे. फिरवावा तर चिरफळ्यांची बाजू पुढे येणार. एका मोरासाठी कागद उलटा करायचा असतो, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं!

साळवी वैतागला, पण हटला नाही. नवा प्लाय आणला, मोर परत कापला, कमान परत कापली. घासून, भोकं बुजवून, दोन हात रंग दिला. खिळे नाहीत, सगळं गोंदानं चिकटवून पक्कं. असं काही सफाईदार झालं, की मीसुद्धा नाव ठेवायला जागा शोधत राहिलो.

*

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी दादा आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी पार्किंगमध्ये मखरासमोर उभे राहिले. कमानीच्या कडेवरून बोट फिरवलं. चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं.

"बाळ्या, कुठल्या दुकानातनं आणलंस?"

"दादा, मी केलंय. या मशीननं."

"तू? लहानपणी तुला विटी तासता येत नव्हती."

माझी जीभ वळवळली. "बरोबर ओळखलंत दादा, काशीमीऱ्याच्या शोरूममधून आणलंय. टेम्पोवाला आत्ताच गेला!"

सगळे हसतील असं वाटलं होतं. दादा हसले नाहीत. कुलकर्णींनी घाईघाईनं वायरवाली दाखवली, जिग्नेशभाईंनी बॅटरीवाली. दादा एवढंच म्हणाले, "मशीन दाखवू नका. मशीन दुकानात पण असतात." आणि पिशवी परत उचलली.

"आधी वर तर चला," वहिनी काकुळतीला येऊन म्हणाल्या.

मखर लिफ्टमध्ये मावेना. आम्ही चौघांनी जिन्यानं उचललं. मागून दादा, पिशवीसकट. दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं. पुढच्या वळणावर कमान भिंतीला लागली, पाय कठड्यात अडकले. तिरकं केलं, आडवं केलं, उलटं केलं. ना वर, ना खाली!

"कापावं लागेल," जिग्नेशभाई म्हणाले. मशीन खांद्याच्या पिशवीत होतं. बॅटरी पार उतरलेली, आत्ताच चौथ्या मजल्यावर चार्जिंगला लावलेली.

"म्हणून सांगत होतो, वायरवाली!" कुलकर्णी खाली पळाले, आपलं मशीन घेऊन आले आणि प्लग हातात धरून उभे राहिले. दुसऱ्या मजल्यावरचे सगळेच गणपतीला गावी गेलेले. प्रत्येक दाराला कुलूप, आणि पंपरूमचं एक्स्टेन्शन इथवर पुरेना!

साळवी पायरीवर बसला. डोकं हातात.

दादांनी खालून वाकून बघितलं. अडकलेली कमान, कठड्यातले पाय, पायरीवर बसलेला धाकटा भाऊ. मग हातातली पिशवी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाले,

"घरचंच हाय रे. विकतचं असतं तर जिन्यातनं वर गेलं असतं."